हवा पिणारे ढग

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी जागा झाला. राख साधारण १४ किलोमीटर उंच गेली आणि लाल समुद्र, येमेन, ओमान ओलांडून दुसऱ्या रात्री गुजरात, राजस्थान, दिल्लीपर्यंत पोचली. विमानफेऱ्या रद्द झाल्या, ते योग्यच होतं. जेट इंजिनात राख वितळते आणि पात्यांवर काचेसारखी चिकटते. १९८२ साली इंडोनेशियात गालुंगगुंगच्या राखेत शिरलेल्या विमानाची चारही इंजिनं बंद पडली होती. पण आता आम्लाचा पाऊस पडणार, ही ग्रहांची युती भोवणार, असले जे संदेश मोबाइलवर फिरत होते, त्यांत भीतीपलीकडे काही नव्हतं. राख आपल्या डोक्यावरून कित्येक किलोमीटर उंचावरून पुढे चालली होती.

मला खरं नवल याचं वाटतं, की राख म्हणजे दगडाचा चुरा. तो १४ किलोमीटर चढतोच कसा?

तोफेच्या गोळ्यासारखा फेकला जातो, असं बहुतेकांना वाटतं. पण स्फोटाचा रेटा सुरुवातीच्या टप्प्यातच ओसरतो. शिवाय मुखातून निघणारं वायू आणि राखेचं मिश्रण भोवतालच्या हवेच्या कित्येक पट जड असतं. ते कोसळायला हवं, आणि कधीकधी कोसळतंही. मग उतारावरून धगधगत्या राखेचा लोंढा सुटतो. एरवी या मिश्रणाला तारते ती हवा. वर चढणाऱ्या राखेच्या खांबाच्या कडेचे भोवरे बाहेरची थंड हवा आत ओढतात, शेकडो अंश तापलेली राख तिला तापवते, हवा फुगते आणि अख्खा खांब भोवतालपेक्षा हलका होतो. तिथून पुढे तो तरंगत चढतो.

हवा अशी आत ओढली जाण्याला एन्ट्रेनमेंट म्हणतात. १९५६ मध्ये मॉर्टन, टेलर आणि टर्नर या शास्त्रज्ञांनी त्याचं गणित एका धाडसी गृहीतकावर उभं केलं. खांब ज्या वेगाने चढतो, त्याच्या साधारण एक दशांश वेगाने बाहेरची हवा आत शिरते, असं त्यांनी धरलं. भोवऱ्यांचा सगळा गोंधळ एका आकड्यात! त्यातून निघालं, की शांत वातावरणात खांबाची उंची उष्णतेच्या पुरवठ्याच्या चतुर्थमूळाच्या प्रमाणात वाढते. उंची दुप्पट व्हायची तर दर सेकंदाला १६ पट उष्णता लागते. हेच सूत्र उलटं वापरून, उंची मोजून, खालून किती राख निघतेय याचा अंदाज बांधतात. मात्र उंचीत १० टक्के चूक झाली, तर राखेच्या अंदाजात ती जवळजवळ ५० टक्क्यांवर जाते.

आता आपला वळवाचा ढग घ्या. त्याची भट्टी तळाशी नसून पोटात असते. एक ग्रॅम बाष्पाचं पाणी होताना सुमारे २५०० ज्यूल अप्रकट उष्मा सुटतो, आणि तेवढ्यात एक किलो हवा अडीच अंशांनी तापते. पण बाहेरची कोरडी हवा आत शिरली, की थेंबांचं पुन्हा बाष्प होतं, ढग गार पडतो आणि बसतो. जी हवा राखेच्या खांबाला तारते, तीच या ढगाला मारते. दुपारी डोकं वर काढून विरणारे कितीतरी ढग असेच मेलेले असतात.

मग काही ढग १६ किलोमीटरपर्यंत कसे पोचतात? बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात रोद्दम नरसिंहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी ढगच पाण्याच्या टाकीत उभा केला. किंचित आम्ल घातलेल्या पाण्याचा झोत खालून सोडायचा आणि वाटेत तारांच्या जाळ्यांतून वीज खेळवून त्याला मध्येच तापवायचं. तो झोत खरोखर फुलकोबीसारख्या ढगाचा आकार घेतो. अशा प्रयोगांतून दिसलं, की मध्येच मिळालेल्या उष्णतेने मोठे भोवरे विस्कटतात आणि बाहेरच्या हवेचा शिरकाव घटतो. म्हणजे ढगाला एक दशांशाचा तो ठरावीक आकडा लागू पडत नाही. टाकीभर पाण्यातून हे उमगावं, याचा मला अजून आनंद होतो.

१५ जानेवारी २०२२ रोजी टोंगा या बेटांच्या देशाजवळ समुद्रातल्या ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा दोन्ही भट्ट्या एकत्र पेटल्या. तळाशी लाव्हा आणि वर समुद्राच्या पाण्याची अफाट वाफ. तो ढग ५७ किलोमीटरवर, थेट मध्यांबरात, म्हणजे वातावरणाच्या तिसऱ्या थरात गेला. वेगवेगळ्या कोनांतून पाहणाऱ्या उपग्रहांच्या चित्रांवरून ही उंची काढली. त्यात मिनिटाला २६०० पर्यंत विजा चमकत होत्या.

एरवी राख ओळखायला उपग्रह ११ आणि १२ मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त किरणांची तुलना करतात. राख ११ मायक्रॉनचे किरण जास्त शोषते, बर्फ १२ मायक्रॉनचे. पण राखेच्या कणांवर बर्फाचं कवच चढलं, की हा फरक पुसला जातो आणि उपग्रहाला तो ढग साध्या गडगडाटी ढगासारखाच दिसतो.