केली बार्न्स धरण

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील खाजगी मालकीचे एक लहान मातीचे धरण. स्टीव्हन्स परगण्यात टोकोआ गावाजवळ, टोकोआ ओढ्यावर. ते 6 नोव्हेंबर 1977 रोजी मध्यरात्रीनंतर सुमारे दीडच्या सुमारास फुटले. खालच्या बायबल महाविद्यालयाच्या वसाहतीतील 39 जण दगावले.

धरणाचे बांधकाम एकसंध नव्हते. 1899 च्या सुमारास वीजनिर्मितीसाठी लाकडी चौकटीत दगड भरून बंधारा घातला गेला. 1937 नंतर महाविद्यालयाच्या मूळ संस्थेने त्यावरच मातीचा भराव चढवला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर उंची पुन्हा वाढवली. या टप्प्यांचे आराखडे उपलब्ध नसल्याने त्यांच्या तारखा अंदाजानेच दिल्या जातात. अखेरीस उंची सुमारे 12 मी. व लांबी सुमारे 122 मी. भरली. 1957 मध्ये वीजनिर्मिती थांबली. पुढे तलाव करमणुकीपुरता उरला.

फुटण्याच्या कारणाबाबत संघीय चौकशी मंडळाने एकच निष्कर्ष काढला नाही. खालच्या अंगाचा उतार काही ठिकाणी जवळजवळ 1:1, म्हणजे 45 अंशांचा होता. सामान्यतः मातीच्या धरणाला हा उतार 2:1 किंवा त्याहून सपाट ठेवतात. त्यावर झाडी माजली होती. 1973 च्या एका छायाचित्रात याच अंगाचा काही भाग घसरलेला दिसतो. आत मुरलेल्या पाझराने माती भिजून उतार पुन्हा घसरला, माथा अरुंद झाला आणि उरलेला भराव पाण्याच्या दाबाने गेला, हा क्रम अधिक संभाव्य वाटतो. तळातील जुना नळ खचून पाझराला वाट मिळाली, असेही एक मत आहे; पण त्याचे अवशेषच वाहून गेल्याने ते पडताळता येत नाही. आदल्या दिवसांत जोरदार पाऊस झाला होता, तरी तो विक्रमी नव्हता. फुटताना साठा सुमारे 7.8 लाख घ.मी. होता, कमाल विसर्ग सेकंदाला सुमारे 680 घ.मी. असावा. धरणाखालीच सुमारे 57 मी. उंचीचा टोकोआ धबधबा असल्याने लोंढ्याचा जोर वाढला.

तेव्हा जॉर्जियात धरण-सुरक्षेचा कायदा नव्हता. तो 1978 मध्ये आला. देशव्यापी तपासणीचा कायदा 1972 पासून होता, परंतु खाजगी धरणांपर्यंत तो पोचलाच नव्हता. दुर्घटनेनंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी लष्कराच्या अभियंता दलाला संघीय मालकीबाहेरील धोकादायक धरणे तपासण्याचा आदेश दिला. 1981 पर्यंत सुमारे 9,000 धरणे पाहिली गेली.

भारताच्या 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात 15 मी.हून उंच धरणे येतात. 10 ते 15 मी. उंचीच्या धरणांना माथ्याची लांबी किमान 500 मी. किंवा साठा किमान 10 लाख घ.मी. यांसारखी एखादी अट पुरी करावी लागते. केवळ या मापांनी पाहता केली बार्न्स त्यात बसले नसते.