स्तनाचा कर्करोग पसरेल का? अंदाजामागचा इतिहास

गाठ लहान, काखेत काही लागत नाही. तरीही काही बायकांचा आजार दहा वर्षांनी हाडांत किंवा फुप्फुसांत डोकं वर काढतो. याचं उत्तर आधी सुरीने शोधलं गेलं. बाल्टिमोरचे विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली आपल्या शस्त्रक्रियांचा अहवाल दिला. कर्करोग जागेवरून टप्प्याटप्प्याने सरकतो, म्हणून स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी (लसीका ग्रंथी) असं सगळंच काढायचं, ही त्यांची पद्धत. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांच्या १९७१ पासूनच्या चाचण्यांत दिसलं, की जास्त कापल्याने आयुष्य वाढत नाही. पसरायचं ते बरेचदा आधीच पसरलेलं असतं. मग केमो कोणाला द्यायची, हे ठरवायला अंदाज हवा.

इथे एक पेच होता. अभ्यास संपला तेव्हा कुणी ठणठणीत असते, कुणी मध्येच तपासणीला येणं सोडते. तिला 'बरी झाली' म्हणणं चूक, हिशोबातून वगळणंही चूक. यावरचा तोडगा १९५८ साली एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांच्या संयुक्त लेखात आला: जितका काळ माहीत आहे, तितका मोजा. गंमत म्हणजे कॅप्लन समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधले व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम ट्यूब) किती टिकतात हे पाहत होते, मायर यांच्यापुढे कर्करोगाचे रुग्ण होते. दोघांनी स्वतंत्रपणे लिहिलं, संपादकांनी एकत्र करायला लावलं. १९७२ मध्ये डेव्हिड कॉक्स यांनी अनेक घटकांचं वजन एकाच वेळी काढणारी रीत दिली.

ती वापरून नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी १९८२ साली ३८७ रुग्णांची माहिती तपासली. नऊ बाबी घेतल्या, तीनच टिकल्या. गाठीच्या सेंटीमीटरमधल्या आकाराला ०.२ ने गुणा, त्यात ग्रेड, म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात तो दर्जा, मिळवा (१ ते ३), आजार काखेतल्या गाठींत किती पसरला त्याचा टप्पा मिळवा (१ ते ३). दोन सेंटीमीटर, ग्रेड २, काख स्वच्छ: ०.४ + २ + १ = ३.४. इथपर्यंतच्या गटाचं भवितव्य चांगलं. केसपेपरच्या कोपऱ्यात मावणारं हे सूत्र मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत देखणं काम वाटतं.

जनुकं नंतर आली: २००२ मध्ये ॲमस्टरडॅमची ७० जनुकांची चाचणी, २००४ मध्ये अमेरिकेतली २१ जनुकांची. दुसरीचा खरा उपयोग केमो टाळण्यात झाला. हार्मोन-पॉझिटिव्ह (हार्मोनच्या जोरावर वाढणाऱ्या), हर-२ निगेटिव्ह (हर-२ हे प्रथिन जास्त नसलेल्या), काखेत न पसरलेल्या आजारात या चाचणीचे गुण ११ ते २५ असतील, तर बहुतेकींना हार्मोनच्या गोळ्या पुरतात, असं २०१८ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. पन्नाशीच्या आतल्या काहींना मात्र केमोचा थोडा फायदा होता.

आणखी एक बाब उशिरा ध्यानात आली. पाच वर्षं गोळ्या घेऊन ज्यांच्यात आजार दिसत नव्हता, अशा बायकांचं २०१७ चं विश्लेषण सांगतं, की लहान गाठ आणि काख स्वच्छ असलेल्या गटातही पुढच्या पंधरा वर्षांत दूरवर पसरण्याचा धोका सुमारे १३ टक्के होता. म्हणून पाच वर्षांनंतरच्या धोक्यासाठी २०१८ मध्ये 'सीटीएस५' हे वेगळं सूत्र आलं. त्याला लागतं वय, गाठीचा आकार, ग्रेड आणि काखेतल्या आजार पोहोचलेल्या गाठींची संख्या. जनुक एकही नाही.