रंगीत जमान्यातली चांदीची फिल्म

‘ओपेनहायमर’चा एक मोठा भाग कृष्णधवल असेल आणि तोही आयमॅक्स कॅमेऱ्यावर चित्रित होईल, असं ख्रिस्तोफर नोलन यांनी ठरवलं तेव्हा पहिली अडचण अगदी साधी होती. त्या कॅमेऱ्यात घालायला फिल्मच नव्हती. आयमॅक्सला ६५ मिलिमीटर रुंदीची निगेटिव्ह लागते आणि कोडॅकची डबल-एक्स ही कृष्णधवल फिल्म त्या रुंदीत कधी निघालीच नव्हती. नोलन आणि छायालेखक होयटे व्हॅन होयटेमा यांनी विचारणा केल्यावर कोडॅकने ती खास बनवली. तिचा पाठचा थर रंगीत फिल्मपेक्षा वेगळा असल्याने कॅमेऱ्यात फिल्म सपाट धरून ठेवणाऱ्या प्रेशर प्लेटमध्येही बदल करावे लागले. लॉस एंजेलिसजवळच्या फोटोकेम लॅबला एवढी रुंद कृष्णधवल फिल्म धुण्याची सोय नव्याने करावी लागली.

एवढा खटाटोप का? रंगीत चित्रीकरण करून नंतर रंग काढून टाकले असते तर चाललं नसतं का, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर रसायनात आहे. फिल्मवरच्या जिलेटिनमध्ये चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. प्रकाश पडलेले कण डेव्हलपरमध्ये काळी धातुरूप चांदी होतात, उरलेले धुऊन निघतात. कृष्णधवल निगेटिव्हवर दिसते ती ही चांदीच. रंगीत फिल्ममध्येही सुरुवात चांदीनेच होते, पण तिच्या जागी रंगद्रव्यं तयार झाली की चांदी काढून टाकतात. शेवटी पडद्यावर पोहोचतात ते रंगांचे मऊ ढग. डबल-एक्सचा टोकदार, जिवंत रवा (चांदीच्या कणांचा दिसणारा पोत) आणि चेहऱ्यावरच्या करड्या छटांची चढण त्यातून तशीच मिळत नाही. म्हणून कृष्णधवल फिल्म म्हणजे रंग वजा केलेला सिनेमा नव्हे, ते वेगळंच माध्यम आहे असं मी मानतो. शिवाय ती रंगीत फिल्मच्या रसायनात धुता येत नाही. तिला वेगळी टाकी आणि वेगळा डेव्हलपर लागतो. कृष्णधवल सिनेमाचं गेल्या पन्नास-साठ वर्षांतलं नशीब या टाकीशी बांधलेलं आहे.

डबल-एक्स बाजारात आली १९५९ मध्ये. दिवसाच्या उजेडात २५० आणि दिव्याच्या उजेडात २०० एवढी तिची संवेदनशीलता तेव्हा वेगवान, म्हणजे कमी उजेडातही पुरणारी, समजली जाई. पण तिचा जन्म जरा उशिराचाच म्हणायचा. साठच्या दशकात अमेरिकी दूरचित्रवाणी रंगीत झाली. चित्रपटाला टीव्हीवर पुढे किंमत मिळायची तर तो रंगीत हवा, असा हिशेब स्टुडिओंनी मांडला. ऑस्करमध्ये कृष्णधवल आणि रंगीत छायालेखनाला स्वतंत्र पुरस्कार असत. १९६६ च्या चित्रपटांनंतर ते एकत्र झाले. मग कृष्णधवल चित्रीकरण हा दिग्दर्शकाचा हट्ट ठरू लागला. मेल ब्रुक्स यांनी ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ (१९७४) कृष्णधवलच करणार म्हटल्यावर कोलंबियाने नकार दिला आणि चित्रपट फॉक्सकडे गेला.

आपल्याकडे चित्र वेगळं होतं. कच्ची फिल्म आयात करायला परकीय चलन लागे, ती परवान्यावर मिळे आणि रंगीत फिल्म महाग पडे. त्यामुळे कृष्णधवल चित्रपट सत्तरच्या दशकातही निघत राहिले. देशी फिल्म तयार व्हावी म्हणून सरकारने उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखाना काढला. ‘इंदू’ हा त्याचा ब्रँड जुन्या छायाचित्रकारांना अजून आठवतो. वूडी ॲलन यांचा ‘मॅनहॅटन’ १९७९ चा, जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ही त्याच वर्षीचा. दोन्ही कृष्णधवल, पण न्यूयॉर्कमध्ये तोवर तो अपवाद झाला होता. मराठी प्रेक्षकाला मात्र त्यात फारसं नवल वाटण्याचं कारण नव्हतं.

पुढच्याच वर्षी मार्टिन स्कॉर्सेसी यांचा कृष्णधवल ‘रेजिंग बुल’ आला. रंगीत प्रिंटमधली रंगद्रव्यं काही वर्षांत विटतात, याविरुद्ध ते त्या काळात जाहीर मोहीम चालवत होते. चांदी मात्र नीट जपली तर टिकते. म्हणूनच रंगीत चित्रपटांचा दीर्घकाळ जतन करायचा संच आजही तीन कृष्णधवल फिल्मवर, प्रत्येक मूळ रंगासाठी एक अशा, विभागून ठेवण्याची पद्धत आहे.

‘शिंडलर्स लिस्ट’च्या (१९९३) वेळी तोच जुना वाद पुन्हा उभा राहिला. रंगीत निगेटिव्हवर चित्रित करा, म्हणजे व्हिडिओ कॅसेट रंगीत विकता येतील, अशी स्टुडिओची सूचना होती. स्पीलबर्ग यांनी ती मानली नाही. छायालेखक यानूश कमिन्स्की यांनी डबल-एक्स आणि तिची मंद बहीण प्लस-एक्स वापरली आणि छायालेखनाचं ऑस्कर जिंकलं. पुरस्कार एकत्र झाल्यानंतर कृष्णधवल चित्रपटाला मिळालेलं ते पहिलंच.

त्यानंतर मात्र आडवाटा सापडल्या. ‘द मॅन हू वॉझन्ट देअर’ (२००१) छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी रंगीत निगेटिव्हवर चित्रित करून कृष्णधवल प्रिंटवर उतरवला. पुढे संगणकावर रंग काढणं सोपं झालं, मग थेट डिजिटल कॅमेरे आले. ‘रोमा’ (२०१८) हा त्याचा उत्तम नमुना. कोडॅकने प्लस-एक्स बंद केली आणि सिनेमासाठीच्या कोडॅकच्या कृष्णधवल निगेटिव्हमध्ये एकटी डबल-एक्स राहिली.

‘द लाइटहाउस’ने (२०१९) तिच्यातून जे काढलं ते मला सर्वांत विलक्षण वाटतं. मूकपटांच्या काळातल्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, तो काळा उमटे. छायालेखक जेरिन ब्लाश्के यांनी श्नायडर या फिल्टर बनवणाऱ्या कंपनीकडून लाल प्रकाश अडवणारा खास फिल्टर बनवून घेतला आणि डबल-एक्सला तशीच आंधळी केलं. त्वचेतला तांबूसपणा गडद झाला, प्रत्येक सुरकुती आणि डाग वर आला, दोन दीपगृहरक्षकांचे चेहरे समुद्राने खाल्लेल्या खडकासारखे दिसू लागले. किंमत मोजावी लागली ती प्रकाशात. दृश्यातला कंदील मिणमिणता भासावा म्हणून सेटवर डोळे दिपतील एवढे दिवे लावावे लागत.

२०२४ च्या ऑस्करला छायालेखनासाठी पाच नामांकनं होती. त्यांपैकी ‘ओपेनहायमर’, ‘माएस्ट्रो’ आणि ‘पुअर थिंग्ज’ या तिघांचे कृष्णधवल भाग डबल-एक्सवर चित्रित झाले होते. तेव्हा तिला बाजारात येऊन पासष्ट वर्षं होत आली होती.