ऑटोक्रॉस : नवख्यांसाठी चालनतंत्र

मोकळ्या मैदानात प्लास्टिकच्या शंकूंनी आखलेल्या वळणदार मार्गावरून मोटार कमीत कमी वेळात पळवण्याचा हौशी क्रीडाप्रकार. अमेरिकेत तो बहुधा डांबरी किंवा काँक्रीटच्या पटांगणावर होतो, ब्रिटनमध्ये गवतावर वा मातीवर. तळेगाव दशासरचा शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) पाहिलेल्या वैदर्भीयाला सेकंदाच्या अंशाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. पांदण किंवा गावरस्ता मात्र या सरावाची जागा नव्हेच.

काळ्या मातीचे वावर टाळावे. उन्हाळ्यात त्याला भेगा पडतात, पाऊस झाला की टायरच्या खाचा चिखलाने बुजतात आणि पकड संपते. कापलेल्या तुरीचे खुंट तर टायर फोडतात. मुरमाड पडीक जमीन उत्तम. पाणी शिंपून धूळ बसवावी, पण बेताने.

गाडीतून स्टेपनी, जॅक, सुटे पायपोस, बाटल्या काढाव्यात. ब्रेकखाली घरंगळलेली बाटली पेडल दाबू देत नाही. चाकांचे नट आवळलेले तपासावेत. हवा टायर थंड असताना मोजावी, कारण तापमान १० अंशांनी वाढले की दाब सुमारे दीड पीएसआय चढतो. वैशाखात पहाटे भरलेली हवा दुपारी तेवढीच राहत नाही.

पाठ सीटला टेकवून हात लांब केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यावे. हेल्मेट हवेच. मार्ग आधी दोन-तीनदा पायी फिरावा, मधूनमधून खाली बसून चालकाच्या नजरेने पाहावा.

नवख्याचा वेळ बहुतेक वळणातच जातो. वेगात आत शिरून वळता वळता ब्रेक दाबला, की पुढच्या टायरांची पकड थांबणे आणि वळणे यांत वाटली जाते. गाडी सरळ घसरत जाते. घाबरून स्टिअरिंग आणखी फिरवले तर घसरण वाढते. ब्रेक सरळ असतानाच मारावा, वळणात पाय हलका ठेवावा, चाके सरळ होऊ लागली की ॲक्सिलरेटर हळूहळू द्यावा. गाडी अशी सरळ घसरलीच तर स्टिअरिंग थोडे सरळ करावे. पकड परत येते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत भर वळणात पाय अचानक उचलल्यास मागचा भाग सुटतो. तेव्हा घसरणीच्या दिशेने चाके वळवून ॲक्सिलरेटर किंचित द्यावा.

नागमोडी ओळीत नजर जवळच्या शंकूवर नको, पुढच्या दोनांवर हवी. वळायला लवकर सुरुवात करावी, म्हणजे गाडी शंकू ओलांडल्यावर त्याच्या सर्वांत जवळ येते आणि पुढच्याची तयारी आपोआप होते. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका (एससीसीए) या संस्थेच्या नियमांत पाडलेल्या प्रत्येक शंकूमागे २ सेकंद वाढतात, म्हणून पहिल्या फेरीत वेगापेक्षा स्वच्छ मार्ग धरावा.