सूरदास म्हणावं की प्रज्ञाचक्षू?

इंदुरात रामबागेत आमच्या शेजारी एक काका राहतात, बँकेतून निवृत्त झालेले, जन्मांध. पोह्याच्या ठेल्यावर त्यांचं स्वागत ‘आओ सूरदासजी’ असं होतं. आमची आत्या मात्र सत्यनारायणाला आलेल्या पाहुण्यांना सांगते, ‘हे प्रज्ञाचक्षू हं.’ दोन्ही शब्द मान द्यायलाच वापरले जातात, म्हणून एकच वाटतात. तसे ते नाहीत.

सूरदास हे मुळात एका माणसाचं नाव, ब्रजभाषेतल्या कृष्णभक्त कवीचं. ते जन्मांध होते की दृष्टी नंतर गेली, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. हिंदी मुलखात मात्र ते कुणाही अंधाचं नाव होऊन बसलं. प्रेमचंदांनी ‘रंगभूमी’च्या (१९२५) आरंभीच हे टिपलंय: आपल्याकडे अंधाला नाव तयार, सूरदास, कामही तयार, भीक मागणं. आणि मग त्याच भिकारी सूरदासाला त्यांनी जमिनीसाठी सिगारेटच्या कारखानदाराशी झुंजायला लावलं!

प्रज्ञाचक्षू हे विशेषण: बुद्धी हेच ज्याचे डोळे. महाभारतात ते धृतराष्ट्राला लावलंय. विदुराने रात्रभर कानीकपाळी ओरडूनही ज्याला उमजलं नाही, तो प्रज्ञाचक्षू! मला यात खोच वाटते. आत्याला नाही वाटत. मराठीत हा शब्द शोभला तो विदर्भातल्या गुलाबराव महाराजांना (१८८१–१९१५). तान्हेपणीच दृष्टी गेली, तरी इतरांकडून वाचून घेत आणि सांगून लिहवून घेत त्यांनी ग्रंथांची रास रचली. अडचण एवढीच, की या शब्दाने हाक मारली की समोरच्याने विद्वान असावं लागतं. सूरदासला ती अट नाही; तिथे कुणीही चालतो.

दोन्हींत गृहीत एकच: डोळ्यांच्या जागी काहीतरी भरपाई हवी, भक्ती नाहीतर बुद्धी. फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरो याने १७४९ मध्ये अंधांविषयी एक पत्र छापलं, त्यात हे गृहीतच उलटं होतं. एका जन्मांधाला विचारलं, डोळे हवेत का? तो म्हणाला, कुतूहल सोडलं तर त्यापेक्षा लांब हात बरे. चंद्रावर काय चाललंय ते तुमच्या दुर्बिणीपेक्षा माझ्या हातांना नीट कळेल. त्याच वर्षी दिदरोला व्हँसेनच्या किल्ल्यात डांबलं, आणि त्यामागे हे पत्रही होतं.

काकांना हे वाचून दाखवलं. म्हणाले, ‘चंद्राचं राहू दे. राजवाड्यापाशी फुटपाथवर लावलेल्या स्कूटरी कुठे संपतात, तेवढे लांब मिळाले तरी चालतील.’