केसतुडातलं विष

मे महिन्यात मुंबईकराच्या वाट्याला घाम आणि आंबे एकदमच येतात, आणि पाठोपाठ मानेवर नाहीतर काखेत केसतूड. खापर फुटतं आंब्यावर: 'उष्ण पडला.' परळच्या आमच्या लॅबमध्ये त्या पुवाचा स्वॅब मेंढीचं रक्त घातलेल्या अगार प्लेटवर (जंतू वाढवायच्या जेलीच्या थाळीवर) ओढून रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. सकाळी प्लेट ट्यूबलाइटसमोर धरली की जंतूंच्या लोण्याच्या रंगाच्या वसाहती दिसतात आणि त्यांच्याभोवती काचेसारखी स्वच्छ वलयं. तिथल्या तांबड्या पेशी फुटलेल्या असतात. त्या फोडणारं या जंतूचं मुख्य विष म्हणजे अल्फा हिमोलायसिन. (विष अल्फा, पण या वलयाला लॅबच्या भाषेत मात्र 'बीटा हिमोलिसिस', म्हणजे तांबड्या पेशी पूर्ण फुटणं, म्हणायचं. दरवर्षी नवे विद्यार्थी इथे गोंधळतात आणि त्यात त्यांची काही चूक नाही.)

जंतू जुना ओळखीचा. ॲबर्डीनचे सर्जन अलेक्झांडर ऑगस्टन यांना १८८० च्या सुमारास गळवांच्या पुवात द्राक्षांच्या घोसासारखे पुंजके दिसले, म्हणून स्टॅफिलोकॉकस. १८८४ मध्ये रोझेनबाख यांनी सोनेरी रंगावरून 'ऑरियस' जोडलं. हा जंतू नुसत्या विषाच्या जोरावर एका दिवसात जीव घेऊ शकतो, हे ध्यानात यायला मात्र एक बाटली लागली.

बाटली म्हटली की परळमध्ये काम करणाऱ्याला आधी १९०२ आठवतं. प्लेगची लस शोधणारे हाफकिन यांच्या इथल्या प्रयोगशाळेत तयार झालेली ही लस पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. बूच काढायचा चिमटा गावातच जमिनीवर पडला होता, तरी हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसला जायला १९०७ उजाडलं.

पण मी म्हणतो ती बाटली दुसरी, ऑस्ट्रेलियातली. जानेवारी १९२८, क्वीन्सलंडमधलं बंडाबर्ग. घटसर्पाची लस २१ मुलांना टोचली आणि १२ मुलं दगावली. रबरी बुचाची, पुन्हा पुन्हा सुई खुपसायची बाटली, आत जंतुनाशकाचा थेंब नाही, आणि ऐन उन्हाळ्यात ती कपाटात ठेवलेली. आत वाढला होता स्टॅफिलोकॉकस. चौकशीच्या कामात मेलबर्नचे तरुण संशोधक मॅकफार्लेन बर्नेट होते. जंतूने बाहेर सोडलेल्या विषाचा पाठपुरावा त्यांनी तिथून सुरू केला. १९३५ मध्ये ग्लेनी आणि स्टीव्हन्स यांनी अल्फा आणि बीटा अशी दोन विषं वेगळी काढली. मला तरी या विषाचा खरा इतिहास बंडाबर्गपासूनच सुरू होतो असं वाटतं.

विष पेशी मारतं कसं, हे कोडं पुढेही बरीच वर्षं राहिलं. १९६८ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या पटलावर, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणावर, इवलीशी कडी दिसली. १९८१ पर्यंत ती कडी म्हणजे आरपार भोकं आहेत हे पटलं, पण एका कड्यात विषाचे रेणू सहा, असा समज पक्का झाला. तो चुकीचा होता. १९९६ मध्ये एरिक गोवो आणि सहकाऱ्यांनी स्फटिकावर एक्स-रे सोडून पूर्ण रचना मांडली: रेणू सात, आकार अळंबीसारखा, उंची १० नॅनोमीटर.

सुटा रेणू २९३ अमिनो आम्लांचा, पाण्यात विरघळणारा, निरुपद्रवी वाटावा असा. पेशीच्या पटलावर टेकला की तो जोडीदार शोधतो. लालबागच्या दहीहंडीत खालच्या थरातले गोविंदा खांद्याला खांदा लावून गोल करतात, तसे सात जण कडं करतात. तोवर पटल शाबूत असतं. मग प्रत्येक जण पोटाशी दुमडून ठेवलेला एक पट्टा खाली सोडतो. सात पट्ट्यांचे चौदा पदर जुळून नळी बनते आणि ती पटलाच्या पार जाते. नळीची सगळ्यात अरुंद जागा दीड नॅनोमीटरहूनही थोडी कमी. त्याच १९९६ साली दुसऱ्या एका गटाने या नळीतून डीएनएचा एकेरी धागा ओढून दाखवला; नॅनोपोर (अतिसूक्ष्म भोकाच्या) पद्धतीने जनुकं वाचण्याची सुरुवात तिथली.

भोक पडलं की पोटॅशियम बाहेर, कॅल्शियम आत, पेशीचं इंधन असलेल्या एटीपीचीही गळती. तांबडी पेशी पाणी पिऊन फुटते. बाकीच्या पेशी लगेच मरतातच असं नाही. पोटॅशियम घटल्याची खूण पुरेशी होऊन पांढऱ्या पेशींत एनएलआरपी३ नावाची यंत्रणा जागी होते आणि इंटरल्युकिन-१ बीटा हे धोक्याचा निरोप देणारं प्रथिन सुटतं. त्यातून सूज चढते, आणखी पांढऱ्या पेशी धावून येतात. केसतुडाच्या ठणक्यात या धावपळीचा वाटा मोठा.

शिकत असताना आम्ही ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त अगारात घालायचो. त्यावर वलय धड उठायचं नाही आणि आम्ही जंतूलाच मरतुकडा ठरवायचो. सशाच्या तांबड्या पेशी या विषाला माणसाच्या पेशींपेक्षा कितीतरी पटींनी लवकर बळी पडतात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. २०१० मध्ये विषाला पेशीवर पाय रोवायला देणारं प्रथिन सापडलं: एडीएएम१०. ते सशाच्या तांबड्या पेशींवर आहे. माणसात त्वचेच्या आणि फुफ्फुसाच्या पेशींवर. विष टेकलं की हेच एडीएएम१० चेकाळतं आणि शेजारच्या पेशींना जोडून ठेवणारी ई-कॅडहेरिनची शिवण कापत सुटतं.