ब्रिटनच्या ए-लेव्हल अभ्यासक्रमात चित्रपट : पार्श्वभूमी

इंग्लंड आणि वेल्समध्ये सोळा ते अठरा वर्षांच्या, म्हणजे आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या वयाच्या, विद्यार्थ्यांना इतिहास किंवा रसायनशास्त्राच्या बरोबरीने ‘चित्रपट अभ्यास’ हा स्वतंत्र विषय ए-लेव्हलला, म्हणजे विद्यापीठात जाण्याआधीच्या परीक्षेला, घेता येतो. शालेय विषय बहुधा विद्यापीठांतून खाली येतात. चित्रपट मात्र ज्यांच्याकडून उच्च शिक्षणाची फारशी अपेक्षा नव्हती अशा मुलांच्या वर्गांतून वर चढत गेला. या विषयाविषयी अजूनही दिसणाऱ्या संशयाचे एक मूळ मला या उलट प्रवासात दिसते.

१९३२ साली चित्रपटाच्या राष्ट्रीय जीवनातील स्थानाविषयी एक अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याच्या शिफारशीनुसार १९३३ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट (बीएफआय) स्थापन झाली. त्याच वर्षी साहित्यसमीक्षक एफ. आर. लीव्हिस आणि डेनिस थॉम्प्सन यांचे शिक्षकांसाठी लिहिलेले पुस्तक आले. जाहिराती, वृत्तपत्रे आणि सिनेमा यांच्या मोहाला मुलांनी बळी पडू नये, यासाठी त्यांची चिकित्सक दृष्टी तयार करावी, असा त्याचा रोख होता. रोगाची लस टोचावी तसा थोडा सिनेमा वर्गात आणायचा, तो मुलांनी त्यापासून दूर राहावे म्हणून! ही भूमिका पुढे अनेक वर्षे टिकली.

तिला तडा जाऊ लागला तो सिनेमा स्वतः आवडणारे शिक्षक एकत्र आल्यावर. १९५० साली चित्रपट-शिक्षकांची एक संस्था निघाली आणि १९५९ मध्ये दूरचित्रवाणीलाही कवेत घेऊन तिने ‘सेफ्ट’ हे संक्षिप्त नाव धारण केले. १९५७ मध्ये बीएफआयमध्ये आलेले पॅडी व्हॅनेल हे या काळातील सर्वांत महत्त्वाचे नाव. संस्कृतीचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांच्यासोबत १९६४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी असे मांडले की, चांगल्या-वाईटाची निवड अभिजात कला विरुद्ध लोकप्रिय कला अशी करून भागत नाही. लोकप्रिय कलेच्या आतच ती करावी लागते. एखादा ‘वेस्टर्न’, म्हणजे काउबॉयचा साहसपट, दुसऱ्याहून सरस का ठरतो, हा प्रश्न त्यामुळे वर्गात विचारण्याजोगा झाला. पुढचा सगळा विषय याच प्रश्नावर उभा आहे, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

मात्र शाळांचे दार उघडले ते वेगळ्या कारणाने. १९६३ च्या न्यूसम अहवालाचा विषय तेरा ते सोळा वयोगटातील सर्वसाधारण किंवा त्याहून कमी कुवतीची समजली जाणारी मुले हा होता. अशा मुलांच्या शिक्षणात चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांचा गांभीर्याने विचार व्हावा, असे त्यात सुचवले होते. १९६५ मध्ये सुरू झालेल्या ‘सीएसई’ या शालान्त परीक्षेच्या एका प्रकारात शिक्षकाला स्वतः अभ्यासक्रम आखण्याची आणि बाहेरच्या देखरेखीखाली स्वतःच गुण देण्याची मुभा होती, तिचा उपयोग करून अनेक शाळांनी चित्रपट शिकवायला घेतला. १९७२ मध्ये शाळा सोडण्याचे किमान वय सोळा झाल्यावर शाळेत आणखी एक वर्ष थांबावे लागलेल्या मुलांसाठी काहीतरी वेगळे शिकवण्याची निकड वाढली. त्या काळी वर्गात सिनेमा दाखवायचा म्हणजे १६ मिलिमीटरची रिळे भाड्याने आणायची, प्रोजेक्टर लावायचा आणि दोन तासिकांत न मावणाऱ्या चित्रपटासाठी वेळापत्रकाशी झगडायचे. म्हणूनच बीएफआय पुरवत असलेल्या निवडक दृश्यांच्या रिळांना मोठे महत्त्व होते. एकच दृश्य पुन्हा पुन्हा पाहून त्याची बारकाईने चर्चा करण्याची जी रीत आज या विषयाची ओळख मानली जाते, तिला या रिळांचाही हातभार लागला असावा.

याच ब्रिटिश वातावरणातून आलेल्या चित्रपट-समीक्षक मेरी सीटन यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यावर भारतात येऊन चित्रपट-रसास्वादावर व्याख्याने दिली. पुढे पुण्याला, प्रभातच्या जागेत १९६० मध्ये सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, प्रा. सतीश बहादूर यांनी रसास्वादाचे अध्यापन रुजवले आणि १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची त्याला जोड मिळाली. आपल्याकडे मात्र हा प्रवाह शाळा-कनिष्ठ महाविद्यालयांपेक्षा फिल्म सोसायट्या आणि रसास्वाद शिबिरांकडे अधिक वळला.

ब्रिटनमध्ये १९६९ साली सेफ्टने ‘स्क्रीन’ हे नियतकालिक सुरू केले आणि लवकरच चिन्हमीमांसा (चिन्हांतून अर्थ कसा घडतो याचा अभ्यास), मनोविश्लेषण व मार्क्सवादी विचार यांच्या आधारे चित्रपटाकडे पाहणारे ते सर्वांत प्रभावी व्यासपीठ बनले. शिक्षकांच्या संघटनेचे मुखपत्र शिक्षकांनाच जड जाऊ लागले, ही तक्रार रास्त होती. दरम्यान १९७१ मध्ये धोरणविषयक मतभेदांमुळे व्हॅनेल आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी बीएफआयच्या शिक्षण विभागाचे राजीनामे दिले. तरीही विषयाला विद्यापीठीय वजन मिळाले ते ‘स्क्रीन’मुळेच. १९७५ मध्ये त्यात आलेला लॉरा मल्व्ही यांचा पुरुषी नजरेविषयीचा, म्हणजे चित्रपट स्त्रीकडे पुरुषाच्या डोळ्यांनी कसा पाहतो याविषयीचा, निबंध आज सतरा वर्षांची मुलेही परीक्षेत वापरतात.

१९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेटने रिळांची अडचण संपवली. पण त्याच सुमारास लेन मास्टरमन यांच्यासारख्यांच्या लेखनामुळे ‘माध्यम अभ्यास’ ही व्यापक संकल्पना पुढे आली आणि चित्रपट त्यात विरघळून जाईल, अशी चिन्हे दिसू लागली. तो वेगळा राहिला, याचे श्रेय ए-लेव्हलच्या स्वतंत्र अभ्यासक्रमाला, विशेषतः वेल्सच्या परीक्षा मंडळाने तो दीर्घकाळ चालवण्याला, द्यावे लागते. ए-लेव्हलच्या २००० मधील फेररचनेत पहिल्या वर्षी अधिक विषय घेण्याची सोय झाली, तिचाही या विषयाला फायदा झाला.

त्यानंतरच्या सरकारी सुधारणांत परीक्षा अधिक कठोर करण्यावर भर होता. सप्टेंबर २०१७ पासून शिकवल्या जाणाऱ्या नव्या अभ्यासक्रमात ७० टक्के गुण लेखी परीक्षेला आणि ३० टक्के स्वतःच्या निर्मितीला आहेत. ‘एड्युकास’ या नावाने वेल्सचे मंडळ इंग्लंडमध्ये चालवत असलेल्या अभ्यासक्रमात अकरा पूर्ण लांबीचे चित्रपट अभ्यासावे लागतात. त्यांत जुने हॉलिवूड आहे, ब्रिटिश चित्रपट आहेत, इतर देशांतील चित्रपट, माहितीपट, मूकपट आणि प्रायोगिक चित्रपटही आहेत. एवढे करूनही, नामांकित विद्यापीठांच्या रसेल गटाने २०११ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘प्रवेशास अनुकूल’ विषयांच्या यादीत चित्रपटाला जागा मिळाली नाही. ती यादी २०१९ मध्ये मागे घेण्यात आली, आणि त्याच उन्हाळ्यात नव्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी ए-लेव्हलच्या परीक्षेला बसली.